एसी, कूलर की आधी छप्पर? विदर्भातल्या गावच्या घरासाठी

स्लॅबचं घर, मे महिन्यात पारा ४५च्या घरात आणि हाताशी पैसा एकाच कामापुरता. अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे: आधी छप्पर, मग कूलर. एसी सगळ्यात शेवटी, तोही खरी गरज असलेल्या घरातच.

उन्हात तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता फेकत राहतो. म्हणून हवा गार झाली तरी पलंगावर पडलेल्या माणसाला उकडतं. शरीराला हवेइतकीच छताची आणि भिंतींची उष्णताही जाणवते. गच्चीवर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावला की बरंचसं ऊन वरच्या वर परततं आणि खोली काही अंशांनी उतरते. वीज शून्य. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये यासाठी कूल रूफ धोरणच आणलं. टिनाचं छप्पर असेल तर खाली बोरू-बांबूच्या ताट्या ठोका, पण मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. कवेलूचं घर असेल तर कृपा करून ते पाडू नका. सेवाग्रामची मातीच्या भिंतींची, कवेलूंची बापू कुटी एकदा भर उन्हाळ्यात आतून बघून या.

यासोबत एक फुकटची सवय लावायची. सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या बंद, रात्री समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. दुपारी खिडक्या उघड्या ठेवणं म्हणजे झळ आत बोलावणं.

आता कूलर. आपला उन्हाळा कोरडा, हीच त्याची ताकद. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर कूलरच्या चांगल्या ओल्या ताटीतून (बाजूच्या पाणी धरणाऱ्या थरातून) आलेली हवा २९-३० अंशांपर्यंत उतरते. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता सोबत नेतं. पंखा आणि पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास, तर दीड टनाचा एसी भर दुपारी हजार-दीड हजार वॅट ओढतो.

पण कूलरला बाहेरची हवा लागते आणि आतली हवा जायला वाटही. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात चादर दमट लागते. कूलर चालू असेल तेव्हा दुपारीही समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. दुसरी गोष्ट पाण्याची. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात ताटीवर पांढरा थर चढतो, मध्ये मध्ये कोरडे पट्टे पडतात आणि त्या पट्ट्यांतून बाहेरचीच गरम हवा आत येते. टाकीतलं पाणी वरचेवर बदला, ताट्या दरवर्षी नव्या बसवा. टँकरच्या गावात मात्र कूलरचं गणित दहादा तपासा. पावसाळ्यात कूलर निकामीच. तेव्हा कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा कामाचा, तो ३० वॅटच्या आसपास घेतो, साधा ७५.

एसीबद्दल संशोधन काय म्हणतं तेही बघा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं भारतीय कार्यालयांमधल्या लोकांच्या सोयीचा अभ्यास केला. जिथं खिडक्या उघडतात तिथं लोकांना सोयीचं वाटणारं तापमान बाहेरच्या सरासरीबरोबर वर सरकतं. महिनाभराची सरासरी ३५ असेल, तर त्यांच्या सूत्रानुसार ते जवळपास ३२ अंश येतं. हा विचार २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही आला. घर म्हणजे कार्यालय नव्हे, पण २० अंशांच्या गारठ्याची गरज शरीराला नाही, एवढं यातून नक्की कळतं. पंखा चालू ठेवून एसी २६ वर ठेवा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

घरात तान्हं बाळ, आजारी किंवा थकलेली माणसं असतील तर एसी घ्यायला मागेपुढे बघू नका. तो एकाच खोलीत लावा, दाराखालची फट बुजवा, आणि पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन थेट पडत नाही अशीच खोली त्यासाठी निवडा.