रत्नागिरीत टर्नटेबलची सुई हिरा पाहून बसवणारे दुकान

रत्नागिरीत जुने रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि टर्नटेबल दुरुस्त करणारे एक लहानसे दुकान आहे. कार्ट्रिज, म्हणजे सुई धरून तिच्या कंपनांचे विद्युत संकेत करणारा भाग, बसवण्याचे काम इतक्या बारकाईने होताना मी मुंबई-पुण्यातही क्वचितच पाहिले आहे, म्हणून त्यांच्या या सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे.

बहुतेक कारागीर कार्ट्रिजची कड प्रोट्रॅक्टरवरील, म्हणजे कोन जुळवण्याच्या पट्टीवरील, रेषेला समांतर करतात आणि काम झाले असे समजतात. परंतु रेकॉर्डच्या खोबणीत उतरतो तो सुईच्या टोकाचा हिरा, आणि कारखान्यात कॅन्टिलिव्हरच्या (हिरा धरणाऱ्या बारीक दांडीच्या) टोकाला चिकटवला जाताना तो दोन-तीन अंशांनी फिरलेला असू शकतो. नऊ इंची टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) अचूक जुळवला, तर खोबणीच्या दिशेशी सुईच्या कोनातील चूक रेकॉर्डवर कुठेही साधारण दोन अंशांपलीकडे जात नाही. मात्र हिराच तीन अंश फिरलेला असेल, तर ही सगळी जुळणी वाया जाते.

या दुकानात प्रोट्रॅक्टरच्या आधी सूक्ष्मदर्शक बाहेर येतो. माझी लंबगोल टोकाची सुई नवी कोरी होती. पडद्यावर हिऱ्याच्या दोन बाजूंना प्रकाशाचे दोन ठिपके दिसत होते. त्यांना जोडणारी रेषा कॅन्टिलिव्हरशी काटकोनात असायला हवी, पण एक ठिपका स्पष्टपणे पुढे सरकलेला होता. मालकांनी हेडशेलच्या, म्हणजे टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसते त्या भागाच्या, खाचांत कार्ट्रिज तेवढेच उलट दिशेने फिरवले. आता कॅन्टिलिव्हर किंचित तिरका दिसतो, पण हिरा सरळ बसतो. चूक याहून मोठी असती, तर सुई बदलून घ्यायला सांगितले असते, असेही त्यांनी स्पष्ट केले. गोल टोकाच्या सुईला अशा फिरण्याने फारसा फरक पडत नाही, मायक्रोलाइन या अतिशय बारीक धारेच्या सुईला मात्र ते मुळीच चालत नाही.

त्यानंतर त्यांनी मी काय ऐकतो, हे विचारले. मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला. ख्यालाच्या एलपीवर विलंबित आधी आणि द्रुत शेवटी येते, भैरवी असेल तर तीही अखेरीसच. म्हणजे तानांचा जोर नेमका आतल्या खोबण्यांत येतो, जिथे विकृती सर्वाधिक जाणवते. कार्ट्रिज जुळवण्याच्या दोन प्रचलित पद्धतींपैकी बेरवाल्ड पद्धतीत कोनाची चूक केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर शून्य होते, तर स्टीव्हनसन पद्धतीत ६०.३ आणि ११७.४ वर. त्यांनी माझ्यासाठी स्टीव्हनसन निवडली. मधल्या भागात तिची चूक थोडी अधिक असते, तरीही हा निर्णय मला पूर्णपणे पटला. बाजू संपता संपता तानांतील ‘आ’कार आता फाटत नाही आणि तंबोरा शेवटपर्यंत वेगळा ऐकू येतो.

खाऱ्या हवेने काळवंडलेल्या हेडशेलच्या पिनाही त्यांनी न सांगता साफ केल्या.

उणिवाही आहेत. सुईचा उभा कल ते केवळ आरशात पाहून ठरवतात. डाव्या-उजव्या चॅनेलमधील गळती, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात किती मिसळतो, हे चाचणी रेकॉर्डवर मोजत नाहीत. सुईचा भार डिजिटल काट्यावर तोलतात, पण तो किती ठेवला याची लेखी नोंद देत नाहीत. महागडी सुई वापरणाऱ्यांनी गळतीचे मोजमाप आणि भाराची नोंद या दोन्ही गोष्टी आग्रहाने मागाव्यात.

केवळ हेडशेल नेऊन हे काम होत नाही, कारण जुळणी टोनआर्म ज्यावर फिरतो त्या खुंटीपासून मोजावी लागते. टर्नटेबल संपूर्ण न्यावे. मात्र घाटातून जाताना प्लॅटर (रेकॉर्ड ठेवण्याची फिरती तबकडी) काढून वेगळा ठेवावा, टोनआर्मच्या मागचा प्रतिभार उतरवावा आणि टोनआर्म बांधून घ्यावा.