कवितेचा ऑनलाइन वर्ग: बाराशे रुपये सार्थकी लागले

दर शनिवारी संध्याकाळी दीड तास, फी बाराशे रुपये, विषय देशोदेशींची प्रतिकाराची कविता. मी इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगाराची मुलगी, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. नारायण सुर्वे माझ्या घरातलेच. त्यांच्या शेजारी अमेरिकेतला कृष्णवर्णीय कवी लँगस्टन ह्यूज आणि पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश वाचायला मिळणार म्हणून नाव नोंदवलं.

सरांनी पहिल्यापासून एकच प्रश्न धरून ठेवला: या कवितेत कोण कुणाला सुनावतंय? सुर्व्यांचा कामगार थेट सारस्वतांना, म्हणजे साहित्यिकांना, हाक मारतो आणि थोडासा गुन्हा घडणार असल्याचं आधीच सांगून टाकतो. दरवीशच्या १९६४च्या कवितेतला पॅलेस्टिनी माणूस सरकारी कारकुनापुढे उभा आहे. लिहून घे, मी अरब. ओळखपत्राचा नंबर ५०,०००. मुलं आठ, नववं उन्हाळ्यानंतर येईल. खाणीत राबणारा हा बाप माहिती देता देता कारकुनालाच विचारतो, राग आला का? ह्यूजच्या कृष्णवर्णीय माणसाला पाहुणे आले की स्वयंपाकघरात जेवायला पाठवतात. तो हसतो, पोटभर जेवतो, अंगात ताकद धरतो आणि उद्या टेबलाशीच बसेन म्हणतो. ज्यांच्या घरात वेगळ्या पंगतीच्या आठवणी आहेत त्यांना ही कविता समजावून सांगावी लागत नाही. त्या तासाला कितीतरी वेळ कुणी बोललंच नाही.

पँथरचा तास मात्र मला खटकला. अमेरिकेत ओकलंडला निघालेली कृष्णवर्णीयांची संघटना ब्लॅक पँथर १९६६ची, मुंबईची दलित पँथर १९७२ची, नाव तिथून आलं हे खरंच. पण म्हणून दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह अमेरिकेच्या सावलीत का उभा करायचा? ती भाषा कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतून आली आहे. आणि त्याआधी कितीतरी वर्षं आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्या-नाट्यांतून बाबासाहेबांचे विचार सांगणारे कलापथक, गावोगाव फिरत होते, ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यापर्यंत पोचत होते. मी हे चॅटमध्ये लिहिलं. सरांनी ते मनावर घेतलं आणि पुढच्या शनिवारी अर्धा तास जलशांना दिला. शिक्षक असावा तर असा.

पाकिस्तानचा उर्दू कवी फैज अहमद फैजचा तास त्याच्या कवितांची गाणी ऐकण्यातच गेला. गाणी सुंदर, पण तिथला लष्करी हुकूमशहा झिया-उल-हकच्या राजवटीबद्दल दोन वाक्यांच्या पुढे काही नाही.

मराठी, इतिहास, राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा. फक्त पीडीएफमध्ये अनुवादकांची नावं कुठेच दिलेली नाहीत. पुढच्या बॅचला ती प्रत्येक कवितेखाली छापावीत.