कोल इंडियाचा शेअर : लाभांशासाठी घ्यावा, वाढीच्या आशेने नव्हे

ऑक्टोबर २०१० मध्ये कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीची प्राथमिक भागविक्री झाली, तेव्हा भाव २४५ रुपये ठरला होता आणि किरकोळ गुंतवणूकदारांना त्यावर पाच टक्के सूट होती. सरकारने आपला दहा टक्के हिस्सा विकून पंधरा हजार कोटींहून अधिक रक्कम उभी केली. तोवर देशात एवढी मोठी भागविक्री झालेली नव्हती. माझ्या वडिलांनी त्या वेळी अर्ज केला होता. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यातले, त्यामुळे कोळसा ही वस्तू त्यांना ताळेबंदातून कळलेली नव्हती, घराच्या खिडकीवर साचणाऱ्या काळ्या धुळीतून कळलेली होती, आणि ‘वीज लागेल तोवर कोळसा लागेल’ एवढाच त्यांचा हिशेब होता. पुढील परीक्षण त्या शेअरांच्या चौदा-पंधरा वर्षांच्या अनुभवावर आणि कंपनीच्या प्रसिद्ध आकड्यांवर आधारलेले आहे. हे शेअर आजही आमच्या घरात आहेत, ही बाब वाचकांनी लक्षात घ्यावी.

आधी परताव्याचा प्रश्न, कारण त्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात आणि दोन्ही अर्धवट आहेत. ४ नोव्हेंबर २०१० रोजी शेअर बाजारात नोंदला गेला आणि पहिल्याच दिवशी ३४२ रुपयांच्या आसपास बंद झाला. त्या दिवशी सेन्सेक्स सुमारे २०,९०० होता. डिसेंबर २०२४ अखेर सेन्सेक्स ७८,००० च्या वर होता, म्हणजे पावणेचार पट. कोल इंडियाचा भाव मात्र ३८५ च्या आसपास होता. या काळात मिळालेला सुमारे २६५ रुपयांचा लाभांश त्यात मिळवला, तरी पहिल्या दिवशी बाजारात खरेदी करणाऱ्याचे पैसे चौदा वर्षांत दुप्पटही झाले नाहीत. दुसरीकडे, मूळ २४५ रुपयांना शेअर मिळालेल्या माणसाला केवळ लाभांशातूनच आपले सगळे भांडवल परत मिळाले आहे. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये भाव ११० रुपयांपर्यंत घसरला होता, तेव्हा ज्याने धीर करून घेतला, त्याचे पैसे चार वर्षांत चौपटीच्या घरात गेले. कंपनी एकच, खाणी त्याच. फरक पडला तो केवळ खरेदीच्या भावाने. हे विधान कोणत्याही शेअरला लागू पडते असे कोणी म्हणेल, पण ज्या कंपनीचा नफा वर्षानुवर्षे वाढत जातो तिथे महाग खरेदीची चूक काळ भरून काढतो. इथे काळ ती चूक भरून काढत नाही, आणि त्याची कारणे कंपनीच्या रचनेतच आहेत.

ही रचना समजून घ्यायला एक मालगाडी पुरेशी आहे. घुग्घुस किंवा वणीच्या बाजूला रेल्वे सायडिंगजवळ थोडा वेळ थांबले की अठ्ठावन्न-एकोणसाठ उघड्या वाघिणींचा एक रेक भरताना दिसतो. लोडर एकेका वाघिणीत कोळसा ओततो, वरचा ढीग सपाट केला जातो, आणि सुमारे चार हजार टन माल घेऊन गाडी वीजकेंद्राकडे निघते. हा कोळसा दीर्घ मुदतीच्या पुरवठा करारातून गेला, तर कंपनीला टनामागे सरासरी १,५०० रुपयांच्या आसपास मिळतात, म्हणजे संपूर्ण रेकचे साठ लाख. तोच रेक ई-लिलावात विकला गेला असता, तर २०२२-२३ मध्ये टनाला सरासरी ४,८०० रुपयांच्या आसपास, म्हणजे एक कोटी नव्वद लाखांहून अधिक मिळाले असते. त्या वर्षी युक्रेन युद्धामुळे आयात कोळसा भडकला होता. २०२४-२५ पर्यंत हाच लिलावाचा भाव २,७०० रुपयांच्या खाली आला. एकूण विक्रीत लिलावाचा वाटा जेमतेम दहावा, पण खाणीतून माल काढण्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच असल्याने वरचा फरक जवळजवळ पूर्णपणे नफ्यात उतरतो. वर्षाला सहा कोटी टन लिलावात गेले असे धरले, तर टनामागे ३,३०० रुपयांचा अधिक भाव म्हणजे सुमारे वीस हजार कोटी, आणि १,१०० रुपयांचा अधिक भाव म्हणजे साडेसहा हजार कोटी. म्हणून तिमाही निकाल हाती आल्यावर उत्पादनाचा आकडा शोधण्याआधी मी लिलावाचा सरासरी भाव शोधतो.

उरलेल्या नव्वद टक्के मालाचा भाव बाजार ठरवत नाही. जानेवारी २०१८ नंतर अधिसूचित, म्हणजे कंपनीने जाहीर केलेल्या, दरात वाढ झाली ती थेट मे २०२३ मध्ये, आणि तीही वरच्या प्रतींच्या कोळशाला आठ टक्के. मधल्या पाच वर्षांत डिझेल, स्फोटके, कंत्राटी वाहतूक आणि पगार या सगळ्यांचे दर वाढत होते. वीज महाग होऊ नये ही सरकारची चिंता रास्त आहे आणि वीजग्राहक म्हणून ती आपल्याही हिताची आहे, पण भागधारक म्हणून पाहिले तर कंपनीची ६३ टक्के मालकी ज्याच्याकडे आहे त्याला भाव वाढवण्याची घाई नाही, हे उघड आहे. याची पहिली प्रचिती भागविक्रीनंतर सव्वा वर्षातच आली. जानेवारी २०१२ मध्ये उष्मांकावर आधारित नवे दर लागू झाले आणि ओरड होताच महिनाभरात मागे घेतले गेले. तेव्हा सुमारे एक टक्का हिस्सा बाळगणाऱ्या लंडनच्या द चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंडाने संचालक मंडळाविरुद्ध कायदेशीर लढा सुरू केला, आणि अखेर २०१४ मध्ये आपला हिस्सा विकून तो बाहेर पडला. एवढ्या मोठ्या फंडाच्या बोलण्याने धोरण बदलले नाही, तेव्हा शे-दोनशे शेअर असलेल्या आपल्यासारख्यांनी ते बदलेल असे गृहीत धरू नये.

सरकार स्वतः या शेअरची किंमत काय करते, हे त्याच्या विक्रीतून दिसते. जानेवारी २०१५ मध्ये ३५८ रुपये, २०१८ मध्ये २६६ रुपये आणि जून २०२३ मध्ये २२५ रुपये हा विक्रीचा किमान भाव होता. दर खेपेला आधीपेक्षा कमी. तिजोरीला गरज पडली की हिस्सा बाजारात येतो, भाव चांगला आहे म्हणून येत नाही, आणि ही टांगती तलवार भावावर कायम असते. मात्र त्याच गरजेतून भागधारकाचा लाभही होतो, कारण सरकारला लाभांशही हवा असतो. सरकारी कंपन्यांनी नफ्याच्या किमान तीस टक्के, किंवा नक्त मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) ठरावीक टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा लाभांश वाटावा असा नियमच आहे, आणि कोल इंडिया बहुधा त्याहून अधिक वाटते. २०२३-२४ मध्ये शेअरमागे २५.५० रुपये आणि २०२४-२५ मध्ये २६.५० रुपये मिळाले. वडिलांच्या पासबुकात या नोंदी आहेत. त्यांनी प्रत्येक नोंदीखाली पेन्सिलने रेघ मारून शेजारी वर्ष लिहिले आहे, आणि त्या रेघांवरून नजर फिरवली की लाभांश दरवर्षी वाढतोच असे नाही, हेही स्पष्ट दिसते. २०१३-१४ ची नोंद २९ रुपयांची आहे, तर २०१९-२० ची अवघी १२ रुपयांची.

खर्चाच्या बाजूला चांगली आणि वाईट अशी दोन्ही चिन्हे आहेत. भागविक्रीच्या वेळी कंपनीत जवळपास चार लाख कामगार होते. आता ती संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास उतरली आहे. याच काळात उत्पादन ४३ कोटी टनांवरून ७८ कोटी टनांवर गेले. दर वर्षी हजारो लोक निवृत्त होत असल्याने पगाराचा भार हळूहळू हलका होतो, आणि हा या कंपनीचा सर्वांत भरवशाचा, पण सर्वांत कमी चर्चिलेला लाभ आहे. दर पाच वर्षांनी होणारा वेतन करार त्याचा काही भाग खातो. मे २०२३ च्या करारात एकोणीस टक्के किमान लाभ मान्य झाला आणि तो जुलै २०२१ पासून लागू झाला.

उत्पादनाचे पंचाण्णव टक्क्यांहून अधिक काम खुल्या खाणीत होते, म्हणजे कोळशाआधी त्याच्यावरची माती, मुरूम आणि खडक काढावा लागतो. खाणीत याला ‘ओबी’ म्हणतात. चंद्रपूर-घुग्घुस रस्त्याने जाताना दिसणाऱ्या सपाट माथ्याच्या टेकड्या म्हणजे हीच काढलेली ओबी. आमच्याकडच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोल इंडियाच्या उपकंपनीच्या) खाणींत एक टन कोळशासाठी काढावी लागणारी ओबी समूहातल्या महानदी किंवा दक्षिण-पूर्व कोलफिल्ड्सच्या मानाने बरीच जास्त आहे, त्यामुळे इथला कोळसा महाग पडतो. समूहाच्या ७८ कोटी टनांत वेकोलिचा वाटा सुमारे ६.९ कोटी टन. ओडिशा, छत्तीसगड आणि सिंगरौली येथील तीन उपकंपन्या मिळून दोन तृतीयांशांहून अधिक कोळसा काढतात आणि समूहाचा जोर तिथेच आहे. चंद्रपूर, वणी, उमरेड पाहून कोल इंडियाविषयी मत बनवणाऱ्या विदर्भातल्या गुंतवणूकदाराने हा फरक ध्यानात ठेवावा. ओबीच्या बाबतीत आणखी एक सूचना: २०२३-२४ मध्ये कंपनीने या खर्चाच्या हिशेबाची पद्धत बदलली आणि आदल्या वर्षाचे आकडे नव्याने मांडले. त्यामुळे जुन्या अहवालातला नफा आणि नव्या अहवालातला नफा शेजारी ठेवून वाढ काढली, तर उत्तर चुकते.

वाढीच्या स्वप्नाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. वर्षाला शंभर कोटी टन काढण्याचे उद्दिष्ट आधी २०१९-२० चे होते, नंतर ते पुन्हा पुन्हा पुढे ढकलले गेले. २०२३-२४ मध्ये ७७.४ कोटी टन झाले आणि त्याच्या पुढच्या वर्षी ७८.१ कोटी टन, म्हणजे वाढ एका टक्क्याच्या आसपास. देशाचे उत्पादन मात्र २०२४-२५ मध्ये शंभर कोटी टनांच्या पुढे गेले, कारण उद्योगांना स्वतःच्या वापरासाठी दिलेल्या आणि २०२० नंतर लिलावाने दिलेल्या खासगी खाणी जोमाने कोळसा काढू लागल्या आहेत. भारताची जवळपास तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर होते, म्हणून मागणी उद्या आटणार नाही. पण वाढीव मागणीतला मोठा घास आता दुसरे घेत आहेत आणि दिवसाची वीज सूर्याकडून येऊ लागली आहे.

करांच्या बाजूने अलीकडचे दोन बदल महत्त्वाचे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये टनामागचा ४०० रुपयांचा अधिभार रद्द होऊन जीएसटी पाचवरून अठरा टक्के झाला. सरसकट ४०० रुपयांचा बोजा हलक्या प्रतीच्या स्वस्त कोळशाला जास्त जाचत होता, आणि कंपनीचा बहुतेक माल याच प्रतीचा असल्याने हा बदल तिच्या पथ्यावर पडेल, असे माझे मत आहे. उलट, जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. हा कर ग्राहकाकडून वसूल होईल असे म्हटले जाते, पण ग्राहक म्हणजे मुख्यतः राज्यांच्या वीज कंपन्या, आणि त्यांची थकबाकी २०२० मध्ये कशी वाढली होती हे फार जुने झालेले नाही.

मग भाव किती द्यावा? २०२४-२५ चा नफा सुमारे ३५,३०० कोटी, शेअरमागे ५७ रुपये. भाव ४०० धरला तर नफ्याच्या सात पट आणि लाभांश ६.६ टक्के, जो मुदत ठेवीच्या व्याजाइतकाच दिसतो. मात्र लाभांशावर आता आपल्या कराच्या टप्प्यानुसार कर भरावा लागतो, आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीच्या हाती साडेचार टक्क्यांच्या आसपासच उरतात. शिवाय २६.५० हा चांगल्या दिवसांतला आकडा आहे. मी २०१५-१६ ते २०२४-२५ या दहा वर्षांच्या लाभांशाची सरासरी काढतो, ती वीस रुपयांच्या जवळ येते. या वीस रुपयांवर सात टक्के सुटले पाहिजेत असे ठरवले, तर भाव २८५ च्या आसपास बसतो. त्याच्या वर मी नवीन खरेदी करत नाही, आणि एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपलीकडे हा शेअर जाऊ देत नाही.

वडिलांचे शेअर आम्ही विकलेले नाहीत. खरेदीच्या भावावर त्यांना आज मिळणारा लाभांश दहा टक्क्यांच्या वर आहे, आणि लाभांश सलग दोन वर्षे पंधरा रुपयांच्या खाली गेला तरच विक्रीचा विचार करायचा, असे आम्ही दोघांनी बसून ठरवले आहे.