भोसरीतल्या माझ्या मशीन शॉपचं इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑडिट: ११ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या ऑगस्टमध्ये ऑडिट झालं तेव्हा मी इतका खुश होतो की चार जणांना त्या ऑडिटवाल्यांचा नंबर दिला, म्हणून आता हे लिहिणं भाग आहे.

नोव्हेंबरात कॉम्प्रेसरच्या एमसीसीबीचा (मोठ्या ब्रेकरचा) वाय फेजचा, म्हणजे तीनपैकी एका लाईनचा, लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) जळाला. सकाळपासून सुक्या मासळीसारखा वास येत होता, ऑपरेटर म्हणाला बाहेरून येत असेल. पॅनल उघडला तर स्लीव्ह काळी पडून चिकटलेली आणि लग एका बाजूने कुरतडल्यासारखा. दीड दिवस शॉप बंद. आणि हाच पॅनल रिपोर्टमध्ये 'नॉर्मल', रंगीत थर्मल फोटोसकट!

कारण काय, तर थर्मोग्राफी, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी, गुरुवारी केली. भोसरीत गुरुवारची सुट्टी, सगळी मशीनं बंद, लोड म्हणजे चार ट्यूबलायटी. करंटच नाही तर ढिला सांधा तापणार कसा? सुट्टीच्या दिवशी या असं मीच म्हणालो होतो, मान्य आहे, पण मेगर मारायला (इन्सुलेशन तपासायला) लाईन बंद लागते आणि थर्मोग्राफीला शॉप चालू लागतं, हे रोज हेच काम करणाऱ्याने सांगायचं की नाही? ही एक गोष्ट मला अजून सहन होत नाही.

अर्थ पिटचंही (अर्थिंगच्या खड्ड्याचंही) तेच. ऑगस्टच्या पावसात १.८ ओहम (जितकं कमी तितकं चांगलं), मे महिन्यात मी परत मोजून घेतलं तर तोच पिट ६.५. जमीन ओली असताना रीडिंग चांगलंच येणार.

रेट १८ हजार अधिक जीएसटी, तोही स्क्वेअर फुटावर. शेजारी नुसतं गोडाऊन आहे, दोन डीबी (वीज वाटणारे बॉक्स), त्यालाही साधारण तेवढेच. पॅनल, डीबी, फीडर, पिट किती आहेत ते मोजून रेट लावा ना, स्क्वेअर फुटाला काय शॉक बसतो का?

आधी एकच स्टार देणार होतो. पण भांडल्यावर जानेवारीत त्यांनी एक मुलगा पाठवला, पैसे न घेता, मंगळवारी ११ वाजता. त्याने सगळी मशीनं चालू करायला लावली, अर्धा तास थांबला, मग कॅमेरा लावला. मेन इनकमरला, म्हणजे शॉपची मेन वीज येते त्या ब्रेकरला, आर फेज ९१ डिग्री, बाकी दोन ५४ च्या आसपास! सारख्या लोडवर १५ डिग्रीच्या वर फरक गेला की दुरुस्तीला थांबायचं नाही, असं म्हणाला आणि शटडाउन घेऊन समोर लग बदलून घेतला. वर सातही डीबीतल्या आरसीसीबीचं (करंट गळाला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून पाहिलं तर तीन ट्रिपच होईनात. पहिल्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. त्या मुलासाठी साडेतीन स्टार.

नवीन कोटेशन २४ हजारांचं आलंय, दोन व्हिजिट, डीबी मोजून. महाग वाटलं, पण दीड दिवसाचं नुकसान आठवलं आणि सही केली. थर्मोग्राफीसमोर 'मंगळवार, सकाळी ११ नंतर, पूर्ण लोडवर' आणि पिटसमोर 'मे महिना' असं त्यांच्याच हाताने लिहून घेतलंय.