रुगर १०/२२ ला कुठली गोळी मानवते : पाच डब्यांचा माझा अनुभव

कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीत .२२ डिलक्स रायफल चालवली होती. बोल्ट हातानं मागे ओढायचा, पुंगळी बाहेर पडायची, बोल्ट पुढे ढकलला की पुढचं काडतूस आत. काडतूस कुठल्या कंपनीचं, किती वेगाचं, हे आम्ही कधी बघितलंच नाही. समोर पेटी यायची, आम्ही झाडायचो. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं रायफल हातात आली नाही.

१ ऑगस्ट २०२४ ला पहाटे इथे ओहायोत फोनवर स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम) कांस्य जिंकताना बघितलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा! डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच महिन्यात मी जवळच्या क्लबची सभासद झाले. पुढे रुगर १०/२२ घेतली. कुसाळे वापरतो ती एकेक गोळी भरायची मॅच रायफल आणि माझी ही सेमी-ऑटोमॅटिक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण काडतूस तेच, .२२ लाँग रायफल. १८८७ पासून चालत आलेलं. म्हणून मी समजले की गोळी कुठलीही चालेल. तिथेच चुकले.

सेमी-ऑटोमध्ये बोल्ट ओढायला आपला हात नसतो. १०/२२ चा बोल्ट कुठे खाचेत अडकून बंद होत नाही, फक्त स्वतःच्या वजनानं आणि स्प्रिंगच्या जोरावर चेंबरपाशी (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) टेकलेला असतो. बार उडाला की पुंगळी मागे रेटते, बोल्ट मागे जातो, पुंगळी फेकली जाते आणि परतताना तो मॅगझिनमधली (गोळ्या भरून ठेवायच्या खणातली) पुढची गोळी उचलतो. ही सगळी ताकद त्या एवढ्याशा काडतुसातूनच यायची. काडतूस अशक्त असेल तर बोल्ट अर्ध्यातून परत येतो आणि पुंगळी बाहेर पडायच्या दारात उभी अडकते. म्हणजे इथे गोळीला दोन कामं आहेत, नेम धरणं आणि यंत्र चालवणं. दुसरं काम मला एनसीसीत कुणी शिकवलं नव्हतं, कारण तिथे त्याची गरजच नव्हती.

पहिली खरेदी मी स्वस्ताई बघून केली. पाचशेच्या वर गोळ्यांचा सुट्टा खोका, कंपनीचं नाव लिहीत नाही. पहिल्या तीनशेत अकरा वेळा अडलं. चार गोळ्या फुटल्याच नाहीत. रिमफायर काडतुसात ठिणगीचं रसायन कडेच्या रिंगणात पसरलेलं असतं. एखाद्या जागी ते पोहोचलं नसेल आणि नेमका तिथेच फायरिंग पिनचा ठोका बसला, तर नुसता ‘टक्’ आवाज येतो. अशा वेळी नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, मग बोल्ट ओढायचा. काही वेळा बार उशिरा उडतो.

त्या खोक्यातली एक गोळी मात्र मी विसरणार नाही. दणका नाही, नुसता ‘फुस्’. माझं बोट पुढचा चाप ओढायच्या बेतात होतं. शेजारच्या जागेवरचे एक वयस्कर सभासद मोठ्यानं ओरडले, ‘थांबा!’ रायफल रिकामी केली, नळीतून सळई घातली, तर गोळी नळीतच बसली होती. तिच्यामागे दुसरी गेली असती तर नळी फुगली असती, त्याहून वाईटही झालं असतं. त्या दिवसापासून आवाज वेगळा वाटला की मी हात काढून घेते, स्पर्धा चालू असली तरी. उरलेल्या गोळ्या क्लबच्या खराब काडतुसांच्या डब्यात टाकल्या.

मग नीट बसून चाचणी केली. ५० यार्ड, वाळूच्या पिशव्या, दुर्बीण, प्रत्येक प्रकारच्या पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप. ग्रुप म्हणजे कागदावर पडलेल्या भोकांचा पुंजका, तो जितका लहान तितकी गोळी चांगली. डबी बदलली की आधी पंधरा गोळ्या मातीच्या बांधावर झाडायच्या, मग मोजायचं. प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं मेण वेगळं असतं आणि नळीत नवं मेण बसेपर्यंत ग्रुप खोटे पडतात. माझ्या पहिल्या रविवारचे सगळे आकडे याच कारणानं मी फाडून टाकले.

सीसीआय कंपनीची मिनी-मॅग. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम) तांब्याचा मुलामा दिलेली गोळी, वेग सेकंदाला १२३५ फूट. शंभराची प्लॅस्टिकची डबी मला दहा-अकरा डॉलरला पडते. माझ्या रायफलीत हिच्या चारशे गोळ्या गेल्या, एकही अडली नाही. बोल्ट असा खणखणीत मागे जातो की कानाला कळतं. ग्रुप सरासरी दीड इंचाच्या आत. सेमी-ऑटो नवी असेल तर सुरुवात हिच्यापासून करा. हिच्यावरही रायफल अडत असेल, तर दोष मॅगझिनमध्ये किंवा साफसफाईत शोधावा लागेल, एवढं तरी नक्की होतं.

सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी. तेच ४० ग्रेन, पण मुलामा नाही आणि वेग १०७० फूट. ग्रुप बरोबर इंचावर आले आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. कारण समजून घेण्यासारखं आहे. साधारण २० अंश तापमानात आवाजाचा वेग सेकंदाला ११२५ फुटांच्या आसपास असतो. वेगवान गोळी त्याच्या वरून निघते आणि वाटेतच त्याच्याखाली उतरते. त्या उतरण्यात तिला हिसका बसतो. साध्या वेगाची गोळी नळीतूनच आवाजाच्या खाली निघते, तिला ही उडी घ्यावी लागत नाही. आणखी एक गोष्ट मला कितीतरी दिवस पटत नव्हती : आडव्या वाऱ्यात .२२ ची वेगवान गोळी साध्या गोळीपेक्षा जास्त ढळते. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा रोध एकदम वाढतो, गोळी वेग गमावते आणि तेवढा वारा तिला ढकलतो. लवकर पोहोचणारी गोळी कमी ढळेल असं मन सांगतं, कागद वेगळं सांगतो.

फेडरल ऑटोमॅच. ३२५ चा खोका, ४० ग्रेन, १२०० फूट, नावाप्रमाणे सेमी-ऑटोसाठीच. सरावाला मी हीच वापरते. मनगट, श्वास, चाप या सगळ्यावर मेहनत करताना गोळी मोजत बसावं लागत नाही.

एसके स्टँडर्ड प्लस, जर्मनीची. सगळ्यात सुंदर ग्रुप हिचा, पाऊण इंच, पण सीसीआयच्या साध्या गोळीच्या जवळपास दुप्पट किंमत. माझा नेम पाव इंचाचा फरक दाखवण्याइतका पक्का होईल तेव्हा घेईन.

पाचवी डबी सीसीआय क्वायट-२२, लेकीच्या आग्रहाखातर. ७१० फूट वेग. आवाज खरंच मऊ, लेक खूश. पण या वेगावर बोल्ट स्वतःहून चालण्याची अपेक्षा ठेवू नये, दर वेळी हातानं ओढावा लागतो. नवख्या मुलांना एकेक गोळी शांतपणे शिकवायला मला हे उलट सोयीचं वाटलं. सीसीआयचीच स्टिंगर ही जास्त वेगवान गोळी मुद्दाम घेतली नाही. तिची पुंगळी नेहमीपेक्षा लांब असते, आणि पुढेमागे मला मॅच चेंबरची (स्पर्धेसाठीच्या नेमक्या मापाची) घट्ट नळी बसवायची आहे. तशा नळीत ती चालवू नये.

हा सगळा खटाटोप ज्यासाठी, ते कॅम्प पेरी आमच्या घरापासून तासाभरावर, ईरी सरोवराच्या काठावर आहे. १९०७ पासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात. त्यातली रिमफायर स्पोर्टर स्पर्धा आमच्यासारख्या साध्या रायफलींसाठी : वजन साडेसात पौंडांच्या आत, चाप किमान ३ पौंडांचा, एकूण ६० गोळ्या. रॅपिड फायरमध्ये, म्हणजे झटपट झाडायच्या फेरीत, सेमी-ऑटोला पाच गोळ्यांसाठी २५ सेकंद. गेल्या ऑक्टोबरात क्लबमध्ये त्याच नियमांनी सामना घेतला होता. तिसऱ्या गोळीला पुंगळी दारात अडकली. ती काढेपर्यंत वेळ संपला, दोन गोळ्या मॅगझिनमध्येच राहिल्या. साध्या वेगाची गोळी, पाच अंशांची थंडी, आणि सहाशे गोळ्या झाडूनही मी बोल्ट पुसलेला नव्हता. मेण, काजळी आणि थंडीनं घट्ट झालेलं तेल. गोळीचा काही दोष नव्हता. आता दर दोनशे गोळ्यांनंतर बोल्टचं तोंड आणि चेंबर पुसते, आणि थंडीत रॅपिडसाठी मिनी-मॅगच भरते.

नव्यानं सुरू करणाऱ्या आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी. व्हिसावर असाल तर आधी कायदा नीट बघा. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले, तर एच-१बी वाल्यांना रायफल तर नाहीच, काडतुसंही बाळगता येत नाहीत. आणि शिसं हलक्यात घेऊ नका. रेंजवर खाणंपिणं नाही, घरी आल्याबरोबर थंड पाण्यानं साबण लावून हात धुवायचे, ते कपडे वेगळे टाकायचे. घरात लहान मूल असेल तर हे आणखी कडक. रायफल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात.

जुलैत कॅम्प पेरीला होणाऱ्या स्पर्धेसाठी मी साध्या वेगाच्या सीसीआयच्या पाचशे-पाचशेच्या दोन विटा (मोठे गठ्ठे) घेऊन ठेवल्या आहेत, दोन्हींवर लॉट नंबर (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) एकच, दुकानदाराला तीन खोके उघडायला लावून जुळवलेला. त्याच लॉटच्या पन्नास गोळ्या आधी झाडून बघितल्या होत्या. पाच ग्रुपांत सगळ्यात मोठा सव्वा इंच. तो कागद स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलाय.