घरावर कललेला आंबा उतरवायला घेतलेला कटर, दोर आणि कप्पी : आठ-नऊ महिने वापरून झाल्यावर

कटर (झाड कापायची पेट्रोलवरची चेनसॉ) किती सीसीचा घेऊ असं बरेच जण विचारतात म्हणून आधीच सांगतो, घराजवळचं झाड काढायचं असेल तर पैसे पहिले दोरावर आणि चढणाऱ्या माणसावर घाला, कटर त्यानंतर. कटर वाईट आहे असं अजिबात नाही, त्याबद्दल खाली लिहिलंयच, पण घर वाचतं ते दोरामुळे.

आमचं घर दापोली तालुक्यात, जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. मागच्या पडवीपासून जेमतेम आठ-दहा फुटांवर रायवळ आंबा होता, आजोबांच्याही आधीचा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे बागाच्या बागा आडव्या झाल्या, हा उभा राहिला पण घराकडे कलला. नंतर दर पावसात घराच्या उलट्या बाजूला मुळांपाशी जमीन फाटायची आणि भेग वर्षागणिक रुंद होत गेली. त्यात खोडकिडा लागलेला, भोकांतून भुसा पडायचा, कोयत्याच्या पाठीने ठोकलं की अर्धा बुंधा पोकळ वाजायचा. नुसत्या फांद्या हलक्या करून भागेल का हेही विचारून पाहिलं, पण फांद्या छाटून वाऱ्याचा जोर कमी होतो, उचललेली मुळं परत जमीन धरत नाहीत. त्या झाडाचे आंबे चोखत आम्ही भावंडं मोठी झालो, आईला तर तो जाणार हे ऐकवत नव्हतं, तरी शेवटी तिनेच सांगितलं की पुढच्या पावसाच्या आत काढा.

परवानगीचं थोडक्यात. खेड्यात 1964 चा वृक्षतोड कायदा लागू आहे आणि आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं त्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जागेतली असली तरी. सातबारा, कललेल्या झाडाचे आणि भेगेचे फोटो लावून अर्ज केला, पाहणी झाली, मग लेखी परवानगी मिळाली. शहरात असाल तर 1975 चा कायदा, म्हणजे नगरपालिका नाहीतर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जायचं. कागद हातात येईपर्यंत फांदीलाही हात लावू नका.

आता सामान. पेट्रोलवरचा 58 सीसीचा कटर 22 इंची बारसकट (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) साडेसात हजारांच्या आसपास पडला. 16 मिमीचा नायलॉनचा दोर दोन लांब तुकड्यांत, बेअरिंगवाली लोखंडी कप्पी, आयएस 3521 चा शिक्का असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस (चढणाऱ्याने अंगात घालायचे पट्टे) आणि वाकड्या पात्याची ओढून कापायची हातकरवत. चेन पुली, म्हणजे जड वस्तू ओढायची साखळीची कप्पी, एका दिवसासाठी भाड्याने आणली. दोर घेताना दुकानदार निळा-पिवळा प्लास्टिकचा स्वस्तातला दाखवतो, तो घेऊ नका, झाडाला घासून गरम झाला की वितळतो आणि उन्हात ठेवला तर वर्षभरात कुरकुरीत होतो. नायलॉन थोडा ताणला जातो आणि तेच आपल्याला हवं असतं, फांदी सुटते तेव्हाचा झटका तो खातो. फूटभर जाडीचा, मीटरभर लांबीचा ओला आंब्याचा ओंडका 60-70 किलो सहज भरतो आणि तो हातभर जरी खाली पडून दोरावर थांबला तरी झटका वजनाच्या कितीतरी पट बसतो, शिवाय गाठ मारली की तिथे दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्याने तरी कमी होते. म्हणून लागतो त्यापेक्षा बराच दणकट दोर घ्यायचा.

काम केलं ते आमच्या वाडीतल्या चढणाऱ्या गड्याने, मी खाली दोरावर होतो. आल्या आल्या तो म्हणाला, "भाऊ, या झाडाला मी स्वतःला बांधून घेणार नाय." पोकळ आणि कललेल्या झाडावर स्वतःला बांधणं म्हणजे झाडाबरोबर खाली येणं. वरच्या अंगाला जुना फणस आहे, धडधाकट आणि आंब्यापेक्षा उंच, त्याच्या बेचक्यात कप्पी बांधली, त्याचा स्वतःचा दोरही तिथेच. आंब्याला वर दोन ठिकाणी दोराचे ताण दिले आणि ते घराच्या उलट्या बाजूला चेन पुलीने ओढून ठेवले. महावितरणच्या लाइनमनला आधीच सांगून ठेवलं होतं, तो येऊन खांबावरून घरात येणारी वायर काढून गेला. पडवीवरची कौलं उतरवून खळ्यात रचली. काही जण कौलांवर फळ्या टाकतात, पण जड काही पडलं तर फळीखालचं कौल फुटतंच, उतरवणंच बरं.

कौलांवर गेलेल्या फांद्या हा सगळ्यात अवघड भाग. फांदी नुसती बुंध्याकडून बांधली तर सुटल्यावर शेंडा खाली झुकतो आणि थेट कौलात घुसतो, त्यामुळे एक दोर बुडाला आणि एक शेंड्याकडे असं बांधलं, फांदी आडवीच्या आडवी अधांतरी राहिली. कापताना आधी खालून साधारण पाव जाडीपर्यंत काप, मग थोडं शेंड्याच्या बाजूला सरकून वरून काप, म्हणजे साल फाटत खोडापर्यंत जात नाही. पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी होती, ती त्याने आधी आकडीने पाडली, पण उरलेल्या मुंग्या मानेवरून चढत होत्या तरी तो करवत थांबवत नव्हता.

खाली माझं काम फणसाच्या बुंध्याला दोराचे तीन वेढे घालून टोक धरायचं. साल सोलू नये म्हणून वेढ्यांखाली गोणपाट. तीन वेढ्यांत एवढं घर्षण होतं की जड फांदीही एक माणूस सावकाश सोडू शकतो, हातात चामड्याचे मोजे हवेत, आणि दोर मनगटाला किंवा पंजाला कधीच गुंडाळायचा नाही. वरून तो ओरडायचा, "सोडू नका, ढील द्या, ढील!" आणि फांदी सुटली की वेढे करकरत दोर सरकायचा, तो आवाज आणि गोणपाटातून येणारा जळका वास अजून आठवतो. फांदीमागून फांदी अशी फणसाखाली नेऊन उतरवली. राहिलेला दहा फुटी खुंट एकदम पाडला नाही, वरून दोन-अडीच फुटांचे तुकडे काढले, कारण पोकळ बुंध्यात खाच मारून मागून कापलं तरी मधलं बिजागर, म्हणजे झाड पडताना धरून ठेवणारी न कापलेली लाकडाची पट्टी, धरेल याची खात्री नसते. घराचं एकही कौल फुटलं नाही.

कटर वर अजिबात नेला नाही, तोच आमचा नियम होता. बार-चेनसकट सात किलोच्या आसपासचं फिरतं यंत्र एका हातात आणि आपण दोरावर, चेन त्या दोराला टेकली की संपलं. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की यंत्र उलटं अंगावर उसळतं, जमिनीवर दोन्ही पाय रोवून असलो तरच ते आवरायची शक्यता असते. शिडीवर उभं राहून तर नकोच. वर सगळी हातकरवत, आणि ती मला या सगळ्या सामानात सगळ्यात जास्त आवडली, ओल्या लाकडात लोण्यासारखी चालते.

जमिनीवर मात्र कटर दणदणीत. ओंडके करणं, नंतर कलमांच्या वाळक्या फांद्या, पावसात वाटेवर पडलेला शिवण, वर्षभराचं जळण, सगळं त्यावर झालं. 22 इंची बार आपल्या कामाला लांब पडतो, मी 18 इंची लावला तेव्हापासून ताबा चांगला येतो. सोबत आलेली चेन पहिल्या दिवशीच ढिली झाली, नवीन चेन ताणते त्यामुळे अर्ध्या-अर्ध्या तासाने तपासायची, हाताने ओढून फिरली पाहिजे पण बारच्या खाली लोंबता कामा नये. धार दर वेळी 4.8 मिमीच्या गोल कानशीने, प्रत्येक दाताला सारखेच फेरे, भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की समजायचं धार गेली. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल). उरलेलं मिश्रण टाकीत ठेवलं तर महिन्याभराने मशीन चालूच होत नाही, काम झालं की टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर सुकेपर्यंत चालवायचं. तक्रारी दोन : चेन ऑइल रात्रभरात गळून खाली थारोळं होतं, आणि कंप एवढा की सलग वापरला की बोटं बधीर होतात, मधे विश्रांती घ्यावीच लागते. कानात बोळे, डोळ्यांवर जाळी आणि पायात जाड बूट असल्याशिवाय मी कटर चालू करायची दोरी ओढत नाही.

पावसाळा गेला, आता घराचं सांगतो. खुंट जमिनीबरोबर कापून मुळं तशीच ठेवली होती कारण मागे उतार आहे आणि पहिल्या पावसात माती धरायला ती हवीच होती. सप्टेंबरात एके ठिकाणी वीतभर जमीन बसली, तिथे दगड-माती घालून ठोकून घेतली. चिऱ्याच्या पायाला काही नाही. काळ्या मातीवर घर असेल तर हा विषय वेगळा, मोठं झाड गेलं की तिथलं पाणी शोषणारं कोणी राहत नाही, माती फुगते आणि भिंतींना तडे जाऊ शकतात, तिथे आधी इंजिनियरला दाखवा. खुंटाला वाळवी लागली आहे, ती घराकडे सरकू नये म्हणून ओंडके पडवीत न रचता लांब मांगरात ठेवलेत. उन्हाळ्यात मागचं माजघर चांगलंच तापलं, ही सावली गेल्याची खरी किंमत. म्हणून घरापासून तीस-पस्तीस फूट सोडून, उताराच्या खालच्या बाजूला त्याच झाडाच्या बाठ्याचं रोप लावलंय, आई रोज पाणी घालते.

दोर धुऊन सावलीत वाळवून टांगलेला आहे, एके ठिकाणी पीळ घासून केसाळ झालाय तेवढा भाग कापून टाकला. वाडीतले कटर मागायला येतात, मी देतो, पण छपराजवळचं काम असेल तर दोर, कप्पी आणि तो चढणारा गडी ठरल्याशिवाय देत नाही, आणि लोकांना ते पटतं. पुढच्या दिवाळीआधी नवी चेन आणि आणखी एक कप्पी घ्यायची आहे.