मारहाणीच्या घरातून बाहेर पडलेल्या आयांसाठीचा पेरेंटिंग कोर्स, माझा रिव्ह्यू (४ स्टार)

संस्थेचं नाव मुद्दाम देत नाहीये. "तुमचं चुकतंय" असं ऐकवणारा कोर्स असणार अशीच धास्ती होती, तसं काही निघालं नाही. शिकवणारी ताई घरीच यायची आणि सुरुवातीला मुलाबद्दल फारसं विचारलंच नाही, राहती जागा सेफ आहे का, पैशाचं कसं, केसचं काय चाललंय, झोप लागते का, हेच. नंतर समजलं की अमेरिकेत प्रोजेक्ट सपोर्ट म्हणून प्रोग्रॅम आहे त्यातही असंच, शेल्टरमधून बाहेर पडलेल्या आया, 4 ते 9 वर्षांची खूप मारामारी आदळआपट करणारी मुलं, 8 महिन्यांपर्यंत दर आठवड्याला घरी भेट, आणि आईला आधार देणं हा शिकवण्याइतकाच मोठा भाग. 2009 च्या अभ्यासात 66 कुटुंबं होती, हा प्रोग्रॅम मिळालेल्या घरांत मुलांची मारामारी आदळआपट बाकीच्या घरांपेक्षा जास्त कमी झाली आणि आयांचा कडकपणाही.

शिकवणं म्हणजे लेक्चर नाही, सगळी प्रॅक्टिस. रोज थोडा वेळ मूल म्हणेल तो खेळ, त्यात आपण प्रश्न नाही सूचना नाही, ते काय करतंय ते नुसतं बोलून दाखवायचं (ऐकायला सोपं आहे, करून बघा). कौतुक नेमकं, "शहाणा माझा" नाही तर "ठोकळे उचललेस, छान केलंस". सांगायचं ते एका वेळी एकच. ताई स्वतः मूल बनून जमिनीवर लोळायची आणि मी शांतपणे सांगायची प्रॅक्टिस करायचे, हसून पुरेवाट. पण मूल ओरडलं की त्याच्या बापाचा आवाज कानात घुमतो आणि आपण थिजतो हे तिला समजावत बसावं लागलं नाही, त्या क्षणी काय करायचं तेही तिने करून घेतलं. लक्ष वेधायला केलेल्या रडारडीकडे दुर्लक्ष केलं की आधी ती वाढते हेही आधीच सांगितलेलं, नाहीतर मी तिथेच सोडलं असतं.

स्टार कापला तो फोनच्या ग्रुपसाठी. ग्रुपचं नाव असं ठेवलंय की स्क्रीनवर दिसलं की कोणालाही सगळं कळेल, आणि मेसेज रात्रीसुद्धा. अजून मारणाऱ्या नवऱ्याच्याच घरात राहणाऱ्या बाईला हे किती महागात पडेल! शिवाय एकदा संस्थेच्या ऑफिसातून "मुलाच्या वडिलांनाही एका सेशनला बोलवू या" असं सुचवलं, मी सरळ नाही म्हटलं. धमक्या चालू असताना त्याच्यासमोर बसून कोणती आई खरं बोलेल.

मूल टीनएजर असेल तर यातलं बरंचसं लागू पडणार नाही, त्यांच्यासाठी वेगळी बॅच आहे का ते आधी विचारा.